भाड्याची कॅसेट आणि ‘बनवाबनवी’

‘अशी ही बनवाबनवी’ थिएटरला लागला सप्टेंबर १९८८ मध्ये. तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मंडळी आज त्यातले प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवतात. थिएटरात एकदा, फार तर दोनदा पाहिलेल्या सिनेमाचं असं पाठांतर होत नाही. गाणी रेडिओवर ऐकून पाठ व्हायची, संवाद पाठ व्हायला मागे-पुढे करता येणारं यंत्र घरात यावं लागलं. हा सिनेमा चालला थिएटरात, पण मोठा झाला तो घरात, असं माझं मत आहे.

गोष्ट मुळात मराठी नाही. १९५५ साली बंगालीत ‘जय माँ काली बोर्डिंग’ आला, त्यात भानू बंदोपाध्याय होते. त्यावरून १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींनी हिंदीत ‘बीवी और मकान’ केला. गाणी गुलजारांची, संगीत हेमंतकुमारांचं, कलाकारांत बिस्वजीत, मेहमूद आणि केष्टो मुखर्जी. हा हिंदी सिनेमा आज फारसा कुणाला आठवत नाही. त्याच सुमारास बालकलाकार म्हणून हृषीदांच्या ‘मझली दीदी’त दिसलेल्या सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शक म्हणून बावीस वर्षांनी तीच गोष्ट पुण्यात आणली.

पुण्यातली म्हटली तरी तिचं दुखणं मुंबईकराला पाठ होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईत जुनी भाडी गोठली. मालकांना नवा भाडेकरू म्हणजे कायमची डोकेदुखी वाटू लागली आणि पागडीशिवाय खोली मिळेना. त्यात एकट्या मुलांना तर कुणी दारात उभं करत नसे. चार बिनलग्नाचे पोरगे, फक्त जोडप्यांनाच जागा देणारी घरमालकीण आणि त्यापायी दोघांनी नेसलेली साडी, एवढी गोष्ट गिरगाव-परळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नाही. साडीवर हसू येतंच, पण डिपॉझिट भरलेला माणूस अंमळ जास्त हसतो.

असे सिनेमे त्याच दशकात का निघाले, याला एक रुक्ष सरकारी कारणही आहे. राज्य सरकारने १९७५ पासून मराठी निर्मात्यांना करमणूक कराचा परतावा द्यायला सुरुवात केली. अट अशी की ते पैसे पुढच्या मराठी सिनेमात घालायचे. म्हणजे एक संपला की दुसरा काढणं भागच. झटपट निघणारा आणि हमखास चालणारा प्रकार म्हणजे विनोदी सिनेमा, आणि तोही आता तमाशाच्या फडातून आणि गावच्या पारावरून शहरातल्या ब्लॉकमध्ये आला होता. १९८४ चा ‘नवरी मिळे नवऱ्याला’, १९८५ चा ‘धुमधडाका’, १९८७ चा ‘गंमत जंमत’ ही त्याच रांगेतली नावं. या रांगेत पुढे पुढे पाणी घातलेलं दूधही बरंच आलं. ‘बनवाबनवी’ तसा नाही, याचं मोठं श्रेय माझ्या मते वसंत सबनीसांना जातं.

सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक. तमाशातली बतावणी त्यांच्या हाताखालून गेलेली. एकाने सरळ चेहऱ्याने थाप मारायची, दुसऱ्याने भाबडेपणाने पुढचा प्रश्न विचारायचा, त्या प्रश्नाने थाप आणखी फुगायची. आधीचे घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) आणि चौघांतला धनंजय माने (अशोक सराफ) यांचा औषधाचा प्रसंग याच चालीवर बसवला आहे. कॅमेरा फार हलत नाही, कुणी घसरून पडत नाही. सुधीर जोशी विचारतात, अशोक सराफ उत्तर देतात, आणि दर उत्तरागणिक औषधासाठी दिलेले सत्तर रुपये आणखी लांब जातात. शेवटी ते ‘वारतात’. हा प्रसंग परत पाहाल तेव्हा सराफांना सोडा आणि जोशींकडे बघा. संशय, कीव, हिशेब आणि पुन्हा संशय, एवढं सगळं ते ऐकता ऐकता करतात. पहिल्यांदा पाहताना हे निसटतंच, कारण आपण पुढच्या वाक्याची वाट बघत असतो. सराफ, जोशी, ‘टुरटुर’मधून गाजलेला लक्ष्मीकांत बेर्डे, सगळे रंगभूमीवरचे. हशा ओसरेपर्यंत किती थांबायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

आता यंत्राकडे. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्यानिमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि त्यामागोमाग व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावून टीव्हीवर सिनेमा दाखवणारं यंत्र. मुंबईत तो आखातातून सुटीवर आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून यायचा किंवा मनीष मार्केट, हिरा पन्ना अशा परदेशी मालाच्या बाजारांतून. सामान्य घराला तो परवडणारा नव्हताच, म्हणून व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेट, आणि वर्गणी दारागणिक. चाळीत सत्यनारायणाच्या किंवा गणपतीच्या रात्री टीव्ही गॅलरीच्या टोकाला टेबलावर चढवला जायचा. कॅसेटच्या सुरुवातीला ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी पाटी यायची आणि ती दीडशे माणसं मिळून वाचायची. १९८४ च्या दुरुस्तीने व्हिडिओ फिल्म कॉपीराइट कायद्यात आली, कव्हरवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि हक्कदाराचं नाव छापणं बंधनकारक झालं. चोरटी कॅसेट काही थांबली नाही, मात्र ओळखू येऊ लागली.

लायब्ररीचा धंदा मुंबईला नवा नव्हता. शेमारू १९६२ साली पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेटकडे वळली. दादर-गिरगावातल्या छोट्या दुकानांनीही तेच केलं. दिवाळी अंकांच्या फडताळात एक खण कॅसेटना गेला. डिपॉझिट, वहीत सही, आणि रिवाइंड न करता परत दिलीत तर दोन रुपये दंड किंवा किमान एक जळजळीत कटाक्ष.

भाड्याच्या त्या कॅसेटवर आपण नेमकं काय पाहिलं, हे मात्र जरा जवळून बघण्यासारखं आहे. सिनेमाच्या रिळात सेकंदाला २४ चित्रं असतात. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पॅल, तिच्यात २५. त्यामुळे सिनेमा टेपवर उतरवताना तो सरळ थोडा पळवला जायचा. अडीच तासांचा सिनेमा कॅसेटवर सहा मिनिटांनी आधी संपायचा, आणि प्रत्येक आवाज जवळजवळ पाऊण अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) वर चढायचा. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात बसलेला धनंजय माने हा थिएटरातल्या मानेपेक्षा किंचित घाईत बोलणारा आणि किंचित पातळ आवाजाचा आहे. विनोदाला हा वेग मारक ठरला नाही, हे नशीब. चौकटीचं नुकसान अधिक झालं, पण ते पुढच्या सिनेमांचं. १९९० चा ‘धडाकेबाज’ मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून ओळखला जातो, आणि तो रुंद पडदा चौकोनी टीव्हीत बसवायचा म्हणजे कडेची माणसं कापायची.

शिवाय मुंबईची हवा. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरायची. ती तशीच लावली की व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या फिरत्या चकतीवर, चिकटून चित्रात मुंग्या यायच्या. मग वरचं झाकण उघडून, करकरीत नवी नोट स्पिरिटमध्ये भिजवून फिरत्या चकतीला हलकेच लावायची. प्रत्येक मजल्यावर हे करणारा एक तज्ज्ञ असायचा आणि त्याच्याशिवाय कुणी झाकणाला हात लावायचा नाही. मधल्या काळात केबलवाले आले, त्यांनी एकाच व्हीसीआरवरून अख्ख्या गल्लीला सिनेमा दाखवला, आणि वर्गणी काढायची गरज संपली.

व्हीसीडी, म्हणजे सिनेमाची तबकडी, तिचं प्रमाण १९९३ मध्ये ठरलं. एका तबकडीत ७४ मिनिटं मावत, म्हणून सिनेमा दोन तबकड्यांत. मध्यंतर दिग्दर्शकाने कुठे ठेवलंय याच्याशी तबकडीला देणंघेणं नव्हतं, बोलता बोलता चित्र थांबायचं आणि घरातलं धाकटं माणूस उठून दुसरी घालायचं. बुरशी गेली, ओरखडे आले. २००७ मध्ये तबकड्या बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याच्या धंद्यात राम उरला नाही. तोपर्यंत चौघांतले लक्ष्मीकांत बेर्डे व सिद्धार्थ रे आणि सुधीर जोशी, तिघेही गेले होते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली.

आता हा सिनेमा मोबाइलवर फुकट दिसतो, आणि बहुतेकांना तो तुकड्यांतच दिसतो: सत्तर रुपये, पार्वती, लिंबू रंगाची साडी. पूर्ण बघायला बसलात तर मधली काही गाणी आज लांबलेली वाटतील, बाईच्या वेषावरचे काही विनोद तर निबर झाले आहेत. घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या घरातला भाग मात्र आजही घट्ट आहे, कारण तिथे प्रत्येकाला काही ना काही लपवायचं आहे. नयनतारांनी लीलाबाईंना खाष्ट केलं नाही, प्रेमळ ठेवलं. त्यामुळे फसवणाऱ्यांनाच लाज वाटत राहते, आणि बनवाबनवी वाढत जाते तशी ती लाजही.