सगळेच डॅमसेल भांडखोर नसतात

‘डॅमसेल काटक, म्हणून नव्या टाकीत आधी तेच सोडा’ आणि ‘डॅमसेल म्हटला की भांडण आलंच’. खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याला डॅमसेल या छोट्या समुद्री माशाबद्दल हे दोन सल्ले हमखास मिळतात. दोन्ही चुकीचे आहेत.

नव्या टाकीत घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू अजून वाढलेले नसतात. डॅमसेल हा अमोनिया काही दिवस सोसतो, पण त्याचे कल्ले पोळतातच. हा छळ अनावश्यक आहे. त्यापेक्षा जिवाणू वाढावेत म्हणून माशाशिवाय अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया 2 पीपीएमवर (दशलक्षात दोन भाग) न्या. तेवढा डोस 24 तासांत संपून अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की टाकी तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय पहिला आलेला डॅमसेल सगळे खडक आपलेच मानतो आणि नंतरच्यांना हुसकावतो. म्हणून तो शेवटी सोडावा.

स्वभाव जातीवर ठरतो. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला डॉमिनो लहानपणी गोंडस दिसतो, पण 14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि टाकीभर दादागिरी करतो. पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल सुमारे 7 सेंटिमीटरवर थांबतो आणि बराच शांत असतो. पोटही पिवळं असलेला अझूर डॅमसेल तसाच. खरेदी करताना डोळ्याकडे नीट पाहा: तोंडापासून डोळ्यातून जाणारी काळी रेघ असेल तर तो बहुधा ब्लू डेव्हिल, आणि तो तापट. ब्लू डेव्हिलच्या काही नरांची शेपटी पिवळी-केशरी असते, तिथेच फसगत होते.

100 लिटरच्या टाकीत एकच ठेवा, आणि लपायला भरपूर कपारी द्या.