नम्रता वेगळी, स्वतःला तुच्छ लेखणं वेगळं

"मी कुठे सेवा करतो? मी आपला नुसत्या खुर्च्या मांडतो." चर्चच्या मंडळीत हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. बोलणाऱ्याला ती नम्रता वाटते, ऐकणारेही कौतुकाने माना डोलावतात आणि हाच घोळ पुढच्या पिढीच्या हाती जातो.

मोबदल्याविना करणं, गाजावाजा न करणं, उजव्या हाताचं डाव्याला कळू न देणं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्यात शिरत नाही. बाहेरून पाहिलं तर नम्र माणूस आणि स्वतःला तुच्छ लेखणारा माणूस सारखेच दिसतात. दोघंही मागे उभे राहतात आणि पडेल ते काम करतात.

फरक कुठे आहे ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दिसतं. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग सांगताना बहुतेक जण चौथ्या वचनापासून सुरुवात करतात: येशू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला. तिसरं वचन राहूनच जातं. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होतं, असं तिथे म्हटलंय. हे ठाऊक असताना तो उठला. आधी ओळख, मग रुमाल. पाय धुऊन झाल्यावरही तो 'मी कोण मोठा' असं म्हणत नाही. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, कारण मी तो आहे, असं स्पष्ट सांगतो. गुडघे टेकून दासाचं काम केलं म्हणून त्याला आपलं प्रभुत्व नाकारावं लागलं नाही.

तुच्छ लेखणाऱ्याचं उलट असतं. आपण कोण आहोत हे त्याला कामातून मिळवायचं असतं, म्हणून ते काम त्याच्याकडून सुटत नाही. मी स्वतः बरीच वर्षं उपासनेनंतर भांडी घासत होतो. एकदा एका तरुण मुलीने माझ्या हातातलं पातेलं घ्यायला हात पुढे केला, तर मी जवळजवळ हिसकावूनच घेतलं. "राहू दे गं, माझं कामच आहे ते." त्या रात्री मला त्याच प्रसंगातला येशूचा शिष्य पेत्र आठवला. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, असं तो येशूला म्हणाला. ऐकायला किती नम्र! पण येशूने ते नम्रता म्हणून स्वीकारलं नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं त्याला सांगितलं. माझ्या मते खरी पारख इथेच होते: तुम्हाला दुसऱ्याची सेवा घेता येते का? नम्र माणसाला येते.

याच्या विरोधात हमखास लूकच्या शुभवर्तमानातलं १७:१० हे वचन पुढे केलं जातं: आम्ही निरुपयोगी दास आहोत. पण तो दाखला हिशेबाचा आहे, किमतीचा नाही. शेत नांगरून आलेल्या दासाने धन्याकडे आभारांची थकबाकी मागू नये, एवढंच त्यात आहे. त्याच शुभवर्तमानात, १२:३७ मध्ये, धनी स्वतः कंबर बांधून जागे राहिलेल्या दासांना जेवायला बसवतो आणि वाढतो. ते दास "नको, नको" म्हणत उठून गेले असते तर?

आणि कृपा करून 'लहान सेवा' हा शब्द टाकून द्या. पाळकांनी तर आधी टाकावा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय ६ मध्ये विधवांना रोजच्या अन्नाची वाटणी करण्यासाठी सात जण निवडायचे होते, तर अट काय होती? आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असलेली माणसं. ती वाटणी आणि प्रेषितांची (येशूच्या प्रमुख शिष्यांची) वचनाची सेवा, म्हणजे उपदेश, दोन्हींसाठी मूळ ग्रीकमध्ये शब्द एकच आहे, दियाकोनिया. त्या सातांमधला पहिला स्तेफन. पंगतीच्या कामासाठी निवडलेला हा माणूस पुढच्याच अध्यायात न्यायसभेपुढे उभा राहून अब्राहामापासूनचा सगळा इतिहास सांगतो.