पोलीस केस झाली म्हणजे कॉलेजच्या टीममधून कायमचे बाद?

'एकदा एफआयआर नोंदला गेला की कॉलेजच्या खेळात आयुष्यभर बंदी,' असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे, पण असा सरसकट कायदा नाही.

एफआयआर ही फक्त गुन्ह्याची नोंद. त्यानंतर तपास, आरोपपत्र, खटला, मग निकाल. दोषी ठरवतं ते न्यायालय, त्यामुळे 'केस आहे का?' याआधी 'केस कुठवर आली?' हे विचारा. प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकला की बहुतेक खटल्यांची पुढची तारीख आणि टप्पा दिसतो.

शिक्षा झाली तरी सगळं संपत नाही. गुन्हा अठराच्या आत घडला असेल तर बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 24 दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू देत नाही. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या मुलावर प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला तर. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांना 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचं कलम 12 असंच संरक्षण देतं.

खरी अडचण येते ती दुसरीकडेच. कॉलेज स्वतःच्या शिस्तीच्या नियमांनुसार निलंबित करू शकतं. तसं झालं तर लेखी आदेश आणि त्यातलं नियमाचं कलम मागून घ्या. जामिनाच्या आदेशात जिल्ह्याबाहेर जायला मनाई असेल, तर बाहेरगावच्या स्पर्धेसाठी आधी न्यायालयाची परवानगी हवी. परदेश दौऱ्याचं तर विचारूच नका: खटला प्रलंबित असताना पासपोर्टसाठीही न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ जातो. अर्ज लवकर करा.