षष्ठीचा प्रत्यय कोणाशी जुळतो?

षष्ठी विभक्ती म्हणजे मालकी, हा समज शाळा सुटल्यावरही बहुतेकांच्या मनात टिकून राहतो. प्रत्यक्षात ‘सोन्याची अंगठी’ या शब्दांत सोने अंगठीचे मालक नसते, आणि ‘वाघाची शिकार’ वाघाने केली की वाघच मारला गेला, हे प्रत्ययावरून कळत नाही. पाणिनीनेही षष्ठीला मालकीत बांधले नाही. इतर विभक्तींना अर्थ वाटून दिल्यावर जे संबंध उरतात, ते ‘षष्ठी शेषे’ या सूत्राने तिच्याकडे सोपवले आणि कृदन्तांच्या, म्हणजे धातूंपासून बनलेल्या शब्दांच्या, कर्त्या-कर्मांसाठी वेगळे सूत्र केले.

मला मात्र षष्ठीच्या अर्थापेक्षा तिच्या घडणीचे अधिक आकर्षण आहे. संस्कृतात ‘नृपस्य’ हे रूप पुढे अश्व येवो वा धेनू, बदलत नाही. मराठीत शेजाऱ्याचा घोडा, शेजाऱ्याची गाय, शेजाऱ्याचे वासरू, अगदी काळा, काळी, काळे यांप्रमाणे. पण विशेषणासारखा वागणारा हा शब्द आतून नामच राहतो, कारण ‘शेजाऱ्यांचा घोडा’ आणि ‘शेजाऱ्याचे घोडे’ यांत अनुस्वार शेजाऱ्यांची संख्या सांगतो, तर शेवटचा स्वर घोड्यांची. एकाच शब्दात दोन निरनिराळ्या नामांची वचने नांदतात. पुढच्या नामाचे सामान्यरूप झाले की ‘शेजाऱ्याच्या घोड्याला’ असा ‘च्या’ येतो.

हंगेरियन भाषा नेमकी उलट वाट धरते. ‘यानोश हाझा’ म्हणजे यानोशचे घर. यात यानोश कोराच राहतो आणि ‘हाझ’ म्हणजे घर या शब्दाला प्रत्यय लागतो. तुर्की ‘अलीनिन एवी’मध्ये अली आणि घर दोन्हींवर खूण असते. खूण कोणावर पडते, या निकषावर भाषांची मांडणी भाषाशास्त्रज्ञ जोहाना निकल्स यांनी 1986 मध्ये केली. विभक्ती अधिक तितकी भाषा शास्त्रशुद्ध, या अभिमानाच्या दाव्याला कसलाही आधार नाही. चिनी भाषेत नामांना विभक्तीच नाहीत आणि हे सारे संबंध तेथेही नीट व्यक्त होतात.

मराठीची सर्वांत जवळची सोबतीण मला जुन्या जॉर्जियन भाषेत दिसते. ‘वडिलांच्या नावाने’ यासाठी तेथे ‘सखेलिथा मामिसायथा’ म्हणत. ‘मामा’ म्हणजे वडील. त्याला आधी षष्ठीचा प्रत्यय लागतो आणि त्यावर ‘नावाने’मधील तृतीयेचा प्रत्यय पुन्हा चढतो. आपला ‘च्या’ इतके सांगत नाही. घोड्याने, घोड्याला, घोड्यावर, काहीही असो, तो फक्त पुढचे नाम सामान्यरूपात आहे एवढेच कळवतो; जुनी जॉर्जियन त्या नामाची विभक्तीच शब्दाच्या शेवटी पुन्हा उच्चारते.