सार्वजनिक वाहतुकीचा वाटा मोजण्यासाठी माहिती हक्काचा अर्ज: बेळगाव सीमाभागात कुणाकडे आणि कसा करावा

बस आणि रेल्वेने होणारा प्रवास एकूण प्रवासाच्या किती टक्के आहे, हा आकडा शाश्वत विकासाच्या मोजमापात मोलाचा मानतात. युरोपीय संघ तो दरवर्षी काढतो. संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांत ९.१.२ हा निर्देशांक प्रवासी वाहतुकीचे साधनवार प्रमाण पाहतो, तर ११.२.१ हा निर्देशांक किती लोकांना चालत जाण्याच्या अंतरात वाहतूक मिळते ते पाहतो. त्यासाठी बसथांब्याकरिता ५०० मीटरचे अंतर धरतात. या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. थांबा दारात असूनही बस येत नसेल, तर दुसरा आकडा चांगला येतो आणि पहिला पडतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात हा वाटा काढायचा तर कच्ची माहिती निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेली आहे आणि त्यातली काही कार्यालये सीमेपलीकडे आहेत. ती मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार कायदा, २००५.

अर्ज कोण करू शकतो

भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. कलम ३ मधला शब्द ‘नागरिक’ आहे, म्हणून मंडळ, महाविद्यालय किंवा संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. तो एका व्यक्तीच्या नावाने, त्या व्यक्तीच्या सहीने द्या. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही (कलम ६(२)). तरीही अभ्यासासाठी हवी आहे एवढे एक वाक्य लिहिले तर कारकून तक्ते शोधायला मनापासून मदत करतो.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे नेहमी अडतो. कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा. कर्नाटकातल्या कार्यालयांसाठी ती कन्नड. मराठीत दिलेला अर्ज परत आला तर कायद्याचा आधार दुबळा पडतो आणि महिना वाया जातो. त्यामुळे मजकूर आधी मराठीत पक्का करावा आणि कन्नड किंवा इंग्रजीत उतरवून द्यावा. हिंदीही कायद्याने चालते. महाराष्ट्र एसटीच्या कोल्हापूर विभागाला मात्र थेट मराठीत लिहा.

कुणाकडे काय मागायचे

वायव्य कर्नाटक रस्ते वाहतूक महामंडळाचे मुख्य कार्यालय हुबळीत आहे. या जिल्ह्यात त्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन विभाग आहेत. निपाणी, संकेश्वर, अथणी हे आगार चिकोडी विभागात येतात, खानापूर बेळगाव विभागात. निपाणीची माहिती बेळगावला मागितली तर कलम ६(३) खाली अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायला हवा. प्रत्यक्षात हे अर्ज रेंगाळतात. दोन विभागांना दोन अर्ज हे बरे.

रेल्वेसाठी नैऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग. लोंढा-बेळगाव-मिरज मार्गावरची खानापूर, देसूर, घटप्रभा, रायबाग, कुडची ही स्थानके त्याच्याकडे आहेत. महामार्गावरच्या वाहनांची संख्या हवी असल्यास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे कोगनोळी, हत्तरगी आणि हिरेबागेवाडी टोलनाक्यांची वाहनप्रकारानुसार मोजणी मागा. बाकीच्या रस्त्यांची वाहतूक गणना सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असते.

कामावर जाणाऱ्यांचे चित्र मात्र अर्जाविनाच मिळते. जनगणना २०११ च्या बी-२८ तक्त्यात जिल्हावार अंतर आणि प्रवासाचे साधन दिलेले आहे. त्यात शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार धरलेले नाहीत, विद्यार्थीही नाहीत. आपल्या खेड्यांतून सकाळची बस भरते ती विद्यार्थ्यांनीच. म्हणून बी-२८ वरून जिल्ह्याचा एकूण वाटा सांगू नये.

शुल्क, कागद, शब्दमर्यादा

कर्नाटकात अर्जाचे शुल्क १० रुपये, छायाप्रतीला पानामागे २ रुपये. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, असा राज्याचा नियम आहे. महाराष्ट्रातही १५० शब्द आणि १० रुपये. तिथे कोर्ट फी स्टँप चालतो. रेल्वे आणि महामार्ग प्राधिकरण केंद्राखाली येतात, तिथे ५०० शब्दांची सवलत आहे. दोन्ही राज्यांची आणि केंद्राची ऑनलाइन पोर्टले वेगवेगळी आहेत. केंद्राच्या पोर्टलवर वायव्य परिवहनचा अर्ज भरला तर तो परत येतो.

सोबत नाव, पूर्ण पत्ता, शुल्काची पावती किंवा पोस्टल ऑर्डर. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण शिधापत्रिकेसारखा पुरावा जोडावा लागतो. अर्जाची एक प्रत आवक शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा. अपिलाच्या वेळी तारीख त्याच शिक्क्यावरून ठरते.

अर्जात नेमके काय लिहायचे

‘सार्वजनिक वाहतुकीचा वाटा किती टक्के आहे ते कळवा’ असा प्रश्न विचारला की उत्तर येते: अशी माहिती उपलब्ध नाही. आणि ते उत्तर कायद्याला धरून असते. कार्यालयाकडे असलेली नोंदच देणे बंधनकारक आहे, नवे गणित करून देणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात हेच सांगितले. म्हणून रकाने मागा, निष्कर्ष मागू नका. वायव्य परिवहनसाठी असा मसुदा चालेल:

‘बेळगाव विभागाच्या खानापूर आगाराबाबत, गेल्या आर्थिक वर्षाची महिनावार नोंद द्यावी: १) प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर, शहरी व ग्रामीण सेवा वेगळ्या, २) पैसे देऊन काढलेल्या तिकिटांवरचे प्रवासी, ३) शक्ती योजनेच्या शून्य रकमेच्या तिकिटांवरचे प्रवासी, ४) चालू विद्यार्थी व इतर पासांची संख्या, ५) भारमान टक्केवारी आणि ते काढण्याची पद्धत, ६) बसच्या प्रकारानुसार आसनसंख्या. माहिती स्प्रेडशीट स्वरूपात ईमेलने द्यावी. तशी नसल्यास नोंदवही पाहण्याची परवानगी द्यावी.’

कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. तेव्हापासून उत्पन्नाला सरासरी भाड्याने भागून प्रवासी काढण्याची जुनी युक्ती साफ चुकते, कारण महिलांचे तिकीट शून्य रकमेचे असते. पासधारक तर बहुधा तिकीट यंत्रात येतच नाहीत. ५ वा रकाना मागण्याचे कारण हेच: भारमानात (आसने किती टक्के भरली त्या आकड्यात) पास आणि शून्य तिकिटे धरली आहेत की नाही, हे कळल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

रेल्वेकडून स्थानकवार अनारक्षित, आरक्षित आणि मासिक पास असे तीन आकडे वेगळे मागा. रेल्वे एक मासिक पास म्हणजे ५० फेऱ्या असे हिशेबात धरते. तयार ‘प्रवासी’ आकड्यात हे गुणाकार आधीच झालेले असतात, पुन्हा करू नका. प्लॅटफॉर्म तिकिटे वगळायला सांगा. शिवाय स्थानकावरचा आकडा तिथून निघालेल्यांचा असतो, उतरलेल्यांचा नाही.

आलेल्या माहितीचा हिशेब

सगळे एकाच मापात आणा: प्रवासी-किलोमीटर, म्हणजे एका माणसाने केलेला एक किलोमीटर प्रवास. समजा ५२ आसनांची बस दिवसाला ३०० किलोमीटर धावली आणि भारमान ७० टक्के होते, तर ५२ × ३०० × ०.७ = १०,९२० प्रवासी-किलोमीटर. समजा एका १२ किलोमीटरच्या टप्प्यावर दिवसाला ४,००० दुचाकी गेल्या आणि दर दुचाकीमागे सरासरी १.४ माणसे होती, तर ६७,२००. बस, रेल्वे यांची बेरीज सगळ्या साधनांच्या बेरजेने भागली की वाटा निघतो.

युरोपच्या सूत्रात मोटारगाड्या, बस आणि रेल्वे एवढेच असते, दुचाकी नसते. ते सूत्र इथे जसेच्या तसे लावले तर बसचा वाटा खोटा फुगतो. टोलनाक्याच्या आकड्यांतही दुचाकी नसतात, कारण त्यांना टोल नाही. आणि टोलच्या ‘बस’ रकान्यात परिवहनच्या गाड्यांसोबत खासगी आराम बसही येतात. आरटीओची नोंदणी आणखी फसवी: केए-२२ (बेळगाव) आणि केए-२३ (चिकोडी) मध्ये भंगारात गेलेल्या गाड्याही मोजल्या जातात, आणि निपाणीच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या कोल्हापूरच्या एमएच-०९ गाड्या त्यात नसतात. म्हणून दुचाकी, मोटारी आणि वडाप (माणसे भरून नेणाऱ्या खासगी गाड्या) यांची मोजणी रस्त्यावर उभे राहूनच करावी लागते. वडापच्या जीपमधली माणसे मोजा, परवान्यावरची आसने नव्हे. वडाप सार्वजनिकमध्ये धरायचे की नाही, हे आधी ठरवून अहवालात लिहा. आमच्या मते ते वेगळ्या ओळीत दाखवावे.

पूर्ण जिल्हा एकदम घेऊ नये. बेळगाव-खानापूर हा एकच मार्ग घेतला तरी बस, रेल्वे, दुचाकी सगळे त्यात येते. भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) आयआरसी ९ या मानकात सलग ७ दिवस, २४ तास मोजणी सांगितली आहे. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णविधानसौधातले कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या सौंदत्ती यात्रा, एप्रिल-मेची शाळेची सुट्टी, १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाचा आठवडा हे टाळा. परिवहनची माहितीही त्याच महिन्याची घ्या. कोल्हापूरहून येणाऱ्या एसटीचे कोगनोळीपासून पुढचेच किलोमीटर धरा, नाहीतर शेजारच्या राज्यातला प्रवास आपल्या खात्यात चढतो.

उत्तर आले नाही तर

मुदत ३० दिवसांची. जादा शुल्काचे पत्र कार्यालयाने पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून पत्र आले की लगेच भरा. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्याच कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात त्याला २० रुपयांचा स्टँप लागतो. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. कर्नाटक आयोगाचे पीठ बेळगावातच आहे, बेंगळूरला जावे लागत नाही. रेल्वे आणि महामार्गाचे दुसरे अपील केंद्रीय आयोगाकडे जाते.

मार्गनिहाय आकड्यांना कधी ‘व्यापारी गुपित’ म्हणून कलम ८(१)(d) खाली नकार मिळतो. अपिलात दोन गोष्टी मांडा: महामंडळ सरकारी आहे, आणि त्या कलमातच व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद आहे. तेही जमले नाही तर मार्गनिहाय सोडून आगारनिहाय आकडे घ्या. वाटा काढायला तेवढे पुरतात.