मोबाइल लोकेशन डेटाची सरकारी खरेदी (अमेरिका)

अमेरिकेतल्या तपास यंत्रणा लोकांच्या मोबाइलचं लोकेशन वॉरंट न काढता डेटा ब्रोकरकडून (लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांकडून) विकत घेतात, त्यावरून उठलेला प्रायव्हसीचा वाद. सुरुवात कधीची यावर एकमत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याची खरेदी उघड केली, बरेच जण तिथपासून धरतात, पण आयआरएस या कर खात्याच्या गुन्हे शाखेने वेन्टेल या ब्रोकर कंपनीचं सबस्क्रिप्शन २०१७-१८ मध्येच घेतलेलं, म्हणजे निदान तितकं तरी मागे जायला हवं.

हा डेटा मोबाइल टॉवरचा नसतो, इथे खूप जण गल्लत करतात. ॲपमध्ये बसवलेल्या एसडीकेतून (दुसऱ्या कंपनीने दिलेल्या तयार कोडमधून) तो निघतो, नाहीतर जाहिरातीच्या लिलावातून, म्हणजे स्क्रीनवर जाहिरात दिसायच्या आत फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातदारांसाठीचा ओळख क्रमांक) आणि बऱ्याचदा लोकेशनसुद्धा बोली लावणाऱ्या ढीगभर कंपन्यांकडे जातं, आणि जी बोली हरते तिलाही ते दिसलेलं असतंच. नाव-नंबर नसतो म्हणून विकणारे याला निनावी म्हणतात. पण तोच आयडी रोज रात्री कुठल्या घरी आणि दिवसा कुठल्या ऑफिसात असतो एवढं कळलं की माणूस सापडायला वेळ लागत नाही, त्यामुळे हा दावा फारसा टिकत नाही.

खरं भांडण कायद्याचं आहे. सुप्रीम कोर्टाच्या मिलर (१९७६) आणि स्मिथ (१९७९) या निकालांपासून असं धरलं जायचं की आपणहून तिसऱ्याला दिलेल्या माहितीवर चौथ्या घटनादुरुस्तीचं (सरकारच्या अवाजवी झडतीविरुद्धचं) संरक्षण नाही. २२ जून २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कार्पेंटर खटल्यात ५ विरुद्ध ४ ने त्याला मुरड घातली: १२७ दिवसांत जमा झालेल्या १२,८९८ टॉवर नोंदी सरकारने वॉरंटशिवाय घेतल्या, ते चुकलं. यंत्रणांचं म्हणणं, तिथे फोन कंपनीवर सक्ती होती, इथे बाजारात कुणालाही मिळतं तेच आम्ही घेतो. संरक्षण खात्याच्या डीआयए या गुप्तचर संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांना साधारण हेच कळवलं. ट्रेझरीच्या (अर्थखात्याच्या) इन्स्पेक्टर जनरलला, म्हणजे अंतर्गत तपासनिसाला, मात्र हे कोर्टात टिकेलच याची खात्री नव्हती. कार्पेंटरमधला भर लोकेशनवरून आयुष्य किती उघडं पडतं यावर होता, त्या अंगाने पाहिलं तर ही शंका जास्त पटते. १९८६ चा कायदा फोन कंपन्यांना सरकारला माहिती द्यायला अडवतो, ब्रोकरला नाही (तेव्हा हा धंदाच नव्हता).

सप्टेंबर २०२३ च्या होमलँड सिक्युरिटीच्या अंतर्गत अहवालात सीबीपी (सीमा सुरक्षा), आयसीई (इमिग्रेशन अंमलबजावणी) आणि सीक्रेट सर्व्हिसने प्रायव्हसीचे नियम पाळले नाहीत असं आलं, सीबीपीच्या एका कर्मचाऱ्याने तर हा डेटा वापरून सहकाऱ्यांनाच ट्रॅक केलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये अशा खरेदीवर बंदी घालणारं बिल हाउसने (संसदेच्या खालच्या सभागृहाने) २१९-१९९ ने पास केलं, सिनेटमध्ये ते अडकलं. डिसेंबर २०२४ मध्ये एफटीसीने (ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेने) वेन्टेल आणि तिची मूळ कंपनी ग्रॅव्ही ॲनालिटिक्स यांच्यावर संवेदनशील ठिकाणांचा डेटा विकण्याबाबत कारवाई केली.

गावोगावच्या पोलिसांबद्दल माहिती त्रोटक आहे. फॉग डेटा सायन्स या लोकेशन डेटा विकणाऱ्या कंपनीची सेवा त्यांना वर्षाला ७,५०० डॉलरपासून मिळायची हे २०२२ मध्ये बाहेर आलं. राज्यांपैकी मॉन्टानाने २०२५ मध्ये सरकारी खरेदीला वॉरंटची अट घातली.