आयसीयूतला ‘हो’ आणि ‘नाही’

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून आत जाते ती थेट दोन स्वरतंतूंच्या मधून. तिच्या टोकाजवळचा फुगा श्वासनलिका बंद करतो. हवा नळीतूनच ये-जा करते, स्वरतंतूंना तिचा स्पर्शही होत नाही. गुंगीचं औषध कमी केलं की माणूस जागा होतो, ऐकतो, त्याला समजतं, फक्त आवाज फुटत नाही. यापुढचे बहुतेक घोटाळे त्याच्या उत्तरात नसतात, आपल्या प्रश्नात असतात.

‘दुखत नाहीये ना?’ यावर मान हलली तर काय समजायचं? ‘हो, दुखतंय’ की ‘हो, नाही दुखत’? त्यातून आपली मान डोलते तिरकी, म्हणजे अर्थ कोणताही लावा. शिवाय मानेबरोबर नळी हलली की ठसका लागतो. म्हणून मान सोडून द्यावी. ‘हो’साठी नजर वर, ‘नाही’साठी डोळे घट्ट मिटून ठेवायचे. पापणीची एकदा-दोनदा उघडझाप फसवी, कारण ती आपोआपही होते. मेंदूच्या देठाला इजा होऊन सगळं अंग लुळं पडलं, तरी नजर वर-खाली करणं बहुधा शाबूत राहतं, त्यामुळे ही खूण तिथेही चालते.

खूण ठरली की ती कागदावर लिहून उशाशी चिकटवा. नाहीतर रात्रपाळीची सिस्टर वेगळीच काढते. मग खूण समजलीय का हे बघायला दोन प्रश्न: एक खरा, एक खोटा. ‘तुमचं नाव हेच ना?’ नको, ‘तुमचं नाव अमुक आहे का?’ असं विचारा, आणि पुढचा प्रश्न चुकीच्या नावाचा. दोन्हींना ‘हो’ आलं तर चष्मा आणि श्रवणयंत्र लावलंय का ते बघा. तरीही तेच, तर भ्रम असू शकतो. तो दिवसभरात कमी-जास्त होतो, काही तासांनी पुन्हा विचारावं. एका वेळी एकच गोष्ट, मग दहा सेकंद गप्प बसणं. हे गप्प बसणंच नातेवाइकांना सर्वांत जड जातं.

लिहिता येत असेल तर डोक्याकडची बाजू ३० अंश तरी वर हवी, पॅड टेकवून आणि जाड मार्कर बँडेज गुंडाळून आणखी जाड केलेला. ऑक्सिमीटरची क्लिप लिहित्या हाताला असेल तर सिस्टरना सांगून दुसऱ्या हाताला लावून घ्या.

हातात जोर नसेल तर वर्णमाला, आणि इथे मराठीची सोय मोठी आहे. ‘क’पासून ‘म’पर्यंत पाच-पाच अक्षरांच्या पाच ओळी शाळेपासून पाठ असतात. आधी ओळ विचारायची, मग अक्षर. एकेक अक्षर विचारत गेलं तर २५ अक्षरांत सरासरी १३ प्रश्न लागतात. असं विचारलं तर सहा. यापुढची ‘य’ ते ‘ळ’ अक्षरं आणि स्वर आणखी दोन-तीन ओळींत बसवा. काना-मात्रा, जोडाक्षरं वगळा. ‘प’ पाचव्या ओळीत पहिला, म्हणजे सहा प्रश्न. ‘ठ’ तिसरीत दुसरा, पाच प्रश्न. ‘पठ’ मिळालं की विचारायचं, ‘पाठ?’ ही खात्री टाळू नये: एका अक्षराने चुकलं तर ‘पट’ होतं, आणि पाठीऐवजी पोटाची तपासणी सुरू होते.

ट्रॅकिओस्टॉमीत नळी तोंडातून नाही, गळ्याला पुढून पाडलेल्या छिद्रातून असते, ओठ मोकळे असतात. पण ओठांवरून वाचताना प, ब, म सारखेच दिसतात. ‘पाय’ आणि ‘माय’ यांत फरक कळत नाही.

डॉक्टरांनी ठरवलं तर या नळीवर बोलण्याची एकमार्गी झडप बसते: श्वास नळीतून आत, पण बाहेर स्वरतंतूंवरून. मात्र आधी फुगा पूर्ण रिकामा हवा. तो फुगलेला राहिला तर श्वास आत जातो आणि बाहेर पडायला वाटच उरत नाही. फुगा रिकामा असूनही नळी श्वासनलिकेच्या मानाने जाड असेल तर हवा अडते. झडप काढताना फुस्सकन हवा बाहेर आली, तर तेच घडत होतं असं समजावं.